बिनचूक तरंगलांबी

प्रयोग सोपा होता. नादकाटा वाजवून नळीच्या तोंडाशी धरायचा, नळीतलं पाणी हळूहळू उतरवायचं, आवाज घुमला की वरच्या मोकळ्या नळीची लांबी मोजायची आणि त्यावरून ध्वनीची तरंगलांबी काढायची. सगळ्यांची उत्तरं थोडीफार चुकली. एका मुलीचं तेवढं दशांशापर्यंत बरोबर आलं.

"नळीला हातही लावला नाहीस ना?" सरांनी विचारलं.

"नाही, सर. काट्यावर वारंवारता कोरलेली आहे, ध्वनीचा वेग पाठ आहे. भागाकार केला."

"आणि आवाज कुणी ऐकायचा? कान काय घरी ठेवून आलीस?"

सगळा वर्ग हसला. त्यांचे चेहरे पाहून मग तीही हसली. सरांना ते उशिराचं हसू खटकलं. ते तिच्या मागे गेले आणि नादकाटा वाजवून त्यांनी अगदी तिच्या कानाशी धरला. तिने मान वळवली नाही.

सर पुन्हा समोर आले. "कधीपासून, बाळ?"

"तापातून उठले तेव्हापासून," ती त्यांच्या ओठांकडे बघत म्हणाली. "आईला नका ना सांगू, सर. मी आता उलटून बोलत नाही म्हणून ती फार खूश आहे."