नापसंत पिस्टन

"हे पण नको," रामेश्वर म्हणाला आणि त्यानं पिस्टन परत खोक्यात ठेवला.

प्रांजलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हा तिसरा सेट होता. पहिल्या सेटमधले पिस्टन वजनाला एकसारखे नाहीत म्हणाला. दुसऱ्याची रिंग बसायची खाच साहेबांच्या मनाला येईना. आणि आता हा फोर्ज्ड सेट, म्हणजे दाबून-ठोकून घडवलेला, इंजिनात जादा हवा कोंबणाऱ्या टर्बोचा कितीही मार सोसेल असा. फोटो बघून त्यानंच पसंत केलेला. तो हातात आला, त्यानं उलटासुलटा करून पाहिला आणि नाक मुरडलं. मुलगी बघायला आलेली मंडळीसुद्धा एवढी नाकं मुरडत नाहीत.

भावाबहिणीचा करार साधा होता. गाडी प्रांजलीची, चालवणार ती. इंजिनाच्या पोटात काय जाईल ते मात्र रामेश्वर ठरवणार. तो वाळूजच्या एका कारखान्यात पिस्टन तपासायच्याच कामावर होता. आजा मुंजाबा कळपातली आजारी मेंढी लांबून ओळखायचा, त्याच नजरेनं नातू धातू बघतो, असं घरात कौतुकानं म्हणत. त्या नजरेचं प्रांजलीलाही कौतुक होतं. सध्या मात्र ती नजर तिच्या जिवावर उठली होती.

मागच्या शर्यतीत इंजिन फुटलं होतं. विमानांची जुनी धावपट्टी, सरळ पळायचं, शेवटची खूण ओलांडली की संपलं. त्या वेळी इंजिनात मूळचेच पिस्टन होते, पिस्टनला खालून जोडलेले मूळचेच बारीक कनेक्टिंग रॉड होते आणि त्यांच्यावर टर्बोचा वाढवलेला दाब. एक रॉड तुटला आणि इंजिनाच्या ब्लॉकला भोक पाडून बाहेर आला. गाडी घरंगळत धावपट्टीच्या टोकाच्या कुंपणापाशी जाऊन थांबली. प्रांजली धडधाकट उतरली. जमलेल्या सगळ्यांनी रॉडला शिव्या घातल्या, तिनंही घातल्या. आता आतलं सगळं असं दणकट घालायचं की काही म्हणता काही तुटायला नको, हे तिनं तिथंच ठरवलं.

यंदाची शर्यत तोंडावर आली होती. आईनं बजावून ठेवलं होतं, यंदा गाडी पळाली नाही तर विकून टाकायची. आणि गाडी मुकुंदवाडीच्या घरामागं, पत्र्याच्या शेडमध्ये, पोट उघडं टाकून पडलेली. जुना ब्लॉक भंगारात गेला होता. दुसरा कचरूमामांच्या वर्कशॉपमध्ये बोअर करायला टाकला होता. पिस्टन हातात पडल्याशिवाय मामा ब्लॉकला हात लावत नसत. बोअर, म्हणजे पिस्टन सरकायचं भोक, पिस्टनच्या मापानं कापायचा असतो, तो एकदा जास्त कापला गेला की ब्लॉक बाद. म्हणजे सगळं घोडं अडलं होतं ते रामेश्वरच्या एका 'हो'वर, आणि तो 'हो' काही त्याच्या तोंडातून निघत नव्हता.

तिनं त्याच्याशी वाद घातला नाही. खोकं उचललं, स्कूटीवर पायाशी ठेवलं आणि क्रांती चौकामागचं वर्कशॉप गाठलं. कचरूमामांनी एकेक पिस्टन पुसून मोजला. परत मोजला. वजनकाट्यावर घातला.

"लई चोख माल हाये," ते म्हणाले. "याच्यात खोट काढणारा कोण हाये, त्याला घेऊन ये माझ्याकडं."

परत येताना सिग्नलला उभं राहून ती मनातल्या मनात भावाशी कडाकडा भांडत होती. मला शर्यतीत उतरू द्यायचं नाही तर तसं तोंडावर सांग. उगाच ढोंग कशाला करतोस?

रामेश्वर शेडमध्येच बसला होता. तिनं खोकं त्याच्या पुढ्यात आदळलं.

"मामा म्हणतात, माल चोख हाये. तुला काय खोट दिसली ती दाखव."

"खोट नाय," तो म्हणाला.

"मग नको कशाला म्हणालास?"

"हे फुटणार नायत म्हणून."

प्रांजलीला हसावं की रडावं कळेना. फुटू नयेत म्हणून तर मागवले होते.

"दादा, तुझं डोकं फिरलंय का?"

तो हातातल्या फडक्यानं बोटं पुसत राहिला. मग त्यानं विचारलं, "मागच्या टायमाला रॉड कुठं तुटला? खुणेच्या अलीकडं का पलीकडं?"

"पलीकडं. सगळ्यांनी बघितलं की. का?"

"खूण ओलांडली की ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलायचा असतो," तो म्हणाला. "मी कुंपणापाशी उभा होतो. खूण मागं पडली तरी तुझ्या गाडीचा आवाज उतरला नाय. वाढतच होता. प्रांजल, लोक त्या रॉडला शिव्या घालत होते ना, तेव्हा मी त्याला हात जोडत होतो."

"काहीतरीच बोलतोस. मी ब्रेक मारला होता."

"तू थांबली नव्हतीस. इंजिन फुटलं म्हणून थांबलीस."

खोटं आहे, असं ती म्हणणार होती. मी पाय वेळेवर उचलला होता, असं ठणकावून सांगणार होती. त्यासाठी तो क्षण तिनं नीट आठवून पाहिला. खूण मागं गेली होती. समोर कुंपण दिसत होतं, चांगलं स्पष्ट दिसत होतं. मग मोठा आवाज झाला.

आणि त्यानंतर तिनं पाय उचलला होता.