बंद पडेपर्यंत

मशीन आजही बंद पडलं नाही, म्हणून ठकी रडकुंडीला आली होती.

श्वास देणारं ते मशीन बाबांच्या उशाशी होतं आणि त्यातून निघालेली वायर तिच्या मांडीवरच्या लॅपटॉपला जोडलेली होती. मशीनमधला प्रोग्रॅम तिच्याच ऑफिसात सी भाषेत लिहिलेला, त्यातला बराचसा तिच्याच हातचा. मागे एकदा बाबांना खोकल्याची ढास लागली आणि मशीनने मध्येच मान टाकली. थोड्या वेळाने ते आपोआप सुरू झालं खरं, पण तेवढ्यात बाबांचे ओठ निळे पडले होते. मग तसंच आणखी दोनदा झालं. ऑफिसात मात्र रबरी फुप्फुस लावून आठवडाभर चालवलं, तरी मशीन हूं की चूं करेना. बाबांनी जन्मभर ट्रक चालवलेला. ते म्हणाले, गाडीसुद्धा गॅरेजात नेली की अशीच शहाण्यासारखी वागते.

चूक होती एवढं नक्की. प्रोग्रॅममधली कुठली तरी ओळ मशीनच्या मेमरीतली आपली जागा सोडून शेजारच्याच्या जागेत लिहीत होती, आणि कोसळत होतं ते तिसरंच काहीतरी. जिने केलं ती नामानिराळी. तिला रंगेहाथ पकडायला ठकीने एक साधी ओळ घातली होती, दर श्वासाला स्क्रीनवर एक आकडा छापणारी. त्या क्षणापासून मशीन बंद पडायचंच थांबलं. बाबा खोकून खोकून बेजार झाले, आकडे छापून येत राहिले, मशीन आपलं चालूच.

दुपारी साहेबांचा फोन आला. झालं तर मग, ते म्हणाले, ती ओळ राहू दे, सगळ्या मशीनमध्ये तशीच घालू. ठकीने परोपरीने सांगून पाहिलं की चूक गेलेली नाही, नुसती लपलीय. त्या ओळीमुळे मेमरीत सगळं जरासं सरकलं, एवढंच. उद्या कुणा दुसऱ्याच्या खोकल्याला ती चूक दुसरीकडून डोकं वर काढेल. साहेब म्हणाले, पुरावा दाखव. पुरावा तिच्याकडे नव्हता. फोन ठेवून तिने कपाळावर हात मारून घेतला.

बाबांनी मास्क बाजूला केला. काय म्हणतोय तो, त्यांनी विचारलं.

तिने सांगितलं. पुरावा हवा तर मशीन बंद पडायला हवं, आणि त्यासाठी ती ओळ काढायला हवी.

"मग काढ," बाबा म्हणाले आणि त्यांनी मास्क परत लावला.

आई दारात उभी राहून ऐकत होती. एरवी ती मशीनच्या भानगडीत पडायची नाही. आज तिचा आवाज चढला. चांगलं चाललेलं मशीन मुद्दाम बिघडवणारी लेक तिने कुठे पाहिली नव्हती. प्रयोगच करायचे तर दुसऱ्या कुणाच्या बापावर करा, असं म्हणता म्हणता ती रडायलाच लागली.

बाबांनी पुन्हा मास्क काढला. एवढंसं बोलायलाही त्यांना मध्ये थांबून दम घ्यावा लागला.

"दुसऱ्याच्या बापाचंही बंद पडणारच आहे. त्याच्या उशाशी कोण बसलंय?"

ठकीने ती ओळ पुसली आणि प्रोग्रॅम नव्याने मशीनमध्ये भरला. तेवढा वेळ आईने हाताने दाबायचा फुगा मास्कला लावून बाबांना श्वास दिला. नर्सने शिकवल्यापासून तिचा त्यावर हात बसला होता. मशीन पुन्हा सुरू झालं. आता ते पडलं, तर नेमकं कुठल्या ओळीवर काय झालं ते लॅपटॉप टिपणार होता. पण पडलं तर.

बाबा खोकले. मशीन चालू राहिलं. ते पुन्हा खोकले, या वेळी मुद्दाम, सगळा जोर लावून, गळ्याच्या शिरा ताणून. मशीन चालूच. आणखी खोकू का, असं त्यांनी डोळ्यांनीच विचारलं. ठकीला हो म्हणवेना आणि नाहीही म्हणवेना.

आई फुगा दोन्ही हातांत धरून पलंगाच्या कडेला सरकली. मशीनकडे टक लावून ती दबक्या आवाजात म्हणाली, "पड ना रे मेल्या आता, बंद पड."