मूठभर मीठ

सकाळी साडेअकराला, तिसऱ्या वळणावर, लोर्ना पेट्रिशिनचा बूट बर्फात घोट्यापर्यंत गेला.

तिथे बूट जायलाच नको होता. स्कीच्या शर्यतीचा उतार तिच्या जबाबदारीवर होता, आणि पहाटे तिने स्वतः उभं राहून त्यावर सबंध मीठ टाकून घेतलं होतं. मीठ पडलं की ओला बर्फ काही तासांपुरता दगडासारखा कडक होतो. पण ते एकदाच टाकायचं, आणि मोजून. त्यावर पुन्हा टाकलं की त्याच बर्फाची भुसभुशीत साखर होते. टॅनर्स क्रीक गावात हे शाळेतल्या पोरांनाही ठाऊक असतं. शर्यत दहाला सुटायची होती. पण शिखरावर ढग बसला, दहाचे अकरा झाले, अकराचे बारा होऊ घातले, आणि त्यात डोंगरापलीकडून तो मेला शिनूक वारा सुटला. भर जानेवारीत माणसाला जॅकेट काढायला लावणारा.

"तोंड असं पाडू नकोस," वेंडेल म्हणाला. "टीव्हीवाले बघतायत."

वेंडेल सत्तरीचा, निवृत्त पोस्टमन. जागतिक स्पर्धा आपल्या गावाला मिळावी म्हणून बावीस वर्षं पत्रं पाठवत बसलेला माणूस. गेल्या तीन आठवड्यांत त्याने आणि लोर्नाने मिळून एका माणसाचीही पुरती झोप घेतली नसेल.

"बघू देत. तू हे बघ." तिने बूट वर काढला. खड्ड्यात ओले दाणे घरंगळले.

"एवढंसं तर आहे. फावड्यानं थोपट की झालं."

"ताशी एकशे वीसनं पोरगी येणार इथं. मग तिला थोपटू का मी?"

वेंडेलने बुटाने तो खड्डा बुजवला. त्यालाही माहीत होतं. आज शर्यत झाली तर झाली. उद्या खेळाडू, कॅमेरे, सगळा लवाजमा युरोपला उडणार, आणि राहिलेली शर्यत दुसऱ्या कुठल्यातरी गावाला जाणार. वर्षभराच्या रजा साठवून फावडी घेऊन उभी राहिलेली दोनशे माणसं, त्यांत दातांची डॉक्टर होती, बेकरीवाला होता, अर्धी शाळा होती, ती सगळी उद्या कामावर परत.

तेवढ्यात रेटो स्कीवरून सर्रकन येऊन थांबला. आंतरराष्ट्रीय महासंघाचा माणूस, स्वित्झर्लंडचा. शर्यत सुरू करायची की नाही, शेवटचा शब्द त्याचा. वाकून त्याने चिमूटभर बर्फ उचलला, जिभेवर ठेवला आणि थुंकला.

"इथे दोनदा मीठ पडलंय."

"एकदाच," लोर्ना म्हणाली. "मी इथंच उभी होते."

"मग तुम्हीच चाखून बघा."

तिने चाखलं. तोंड खारट झालं. तिने वेंडेलकडे पाहिलं. वेंडेल खाली दरीत बघत होता.

"वेंडेल."

"एकच मूठ टाकली गं. साडेनऊला. म्हटलं उशीर होणार, जरा जास्त टिकेल."

लोर्नाला त्याच्यावर ओरडायचं होतं, पण तेवढं त्राणच नव्हतं. शिवाय हा माणूस बावीस वर्षं त्या पत्रांपायी बायकोची बोलणी खात आला होता.

रेटोने घड्याळ पाहिलं. "एवढाच पट्टा असेल तर खरवडून काढू, कडेचा कोरा बर्फ भरू. त्याला अर्धा तास देतो. बाकीचा उतार धड आहे ना, तेवढं विचारून घ्या."

अर्धा तास! तिच्या जिवात जीव आला. तिने रेडिओचं बटण दाबलं.

"सगळ्या वळणांना सांगतेय. मी लोर्ना. खरं बोला, मी रागावणार नाही. पहाटेनंतर आणखी कुणी मीठ टाकलंय का?"

नुसती खरखर. मग एक बारीक आवाज. "पाचवं वळण. मी टाकलं. अगदी थोडं, लोर्ना." ती दातांची डॉक्टर होती.

"उडीच्या खाली. दोन मुठी. माफ कर."

"नववं वळण. आम्ही तिघांनी. पण एकमेकांना सांगितलं नव्हतं."

"शेवटची उतरण. मला वाटलं, मी एकटाच."

"बारावं."

"दहावं पण."

आवाज येत राहिले. कुणी कारण सांगत होतं, कुणी नुसता वळणाचा आकडा. वेंडेलने टोपी काढून हातात घेतली. खाली मैदानात हजारो माणसं खेळाडूंना चेव आणायला गाईंच्या गळ्यातल्या घंटा बडवत होती. त्यांना यातलं काहीच ऐकू येत नव्हतं. रेटोने हातमोजे काढून खिशात कोंबले. तो चिडलेला दिसत नव्हता.

"लोकांच्या आळसापायी गेलेल्या शर्यती पुष्कळ पाहिल्यात मी," तो म्हणाला, आणि नकारार्थी मान हलवून पुढचं गिळून टाकलं.

ते सगळ्यांना सांगायचं काम लोर्नाचं होतं. तिने बटण दाबलं. "शर्यत रद्द," ती म्हणाली. आणखी काहीतरी बोलावं, निदान आभार तरी मानावेत, असं तिला वाटलं. पण तिने बटण सोडलं.

मग रेडिओवर एक वेगळाच आवाज यायला लागला. मोठा माणूस हुंदके देत होता. दाबून, नाक ओढत, कुणाला ऐकू जाऊ नये असं. दोनशे रेडिओंवर, सबंध डोंगरभर.

"कुणाचं तरी बटण दाबलेलं राहिलंय," रेटो हलकेच म्हणाला. "चॅनल अडलंय, दुसऱ्या कुणाला बोलता येणार नाही. कोण आहे ते शोधायला हवं."

"अडू दे," लोर्ना म्हणाली आणि त्या भुसभुशीत बर्फातच खाली बसली. "आता रेडिओवरून सांगायचं उरलंय काय?"