पंखे गप्प झाले

"आवाज गेला नाही तर काम जाईल, आणि काम गेलं की आपण सगळे घरी!" वर्गीस सर रॅकच्या डोक्यावरून ओरडले. ओरडल्याशिवाय त्या ऑफिसात कुणाचं कुणाला ऐकूच येत नसे.

सजीवन रॅकच्या मागे पोटावर पडला होता. तोंडात स्क्रू, हातात स्पंजचा तुकडा. यंत्रं सांभाळणारा तो एकटाच, त्यामुळे यंत्रांचं पापही त्याच्याच माथी.

त्रिशूरच्या त्या ऑफिसात लहान मुलांची कार्टून बनत. मालिका कॅनडातल्या एका कंपनीची. माणसं चित्रं रंगवत आणि सर्व्हर ती जोडून, उजळून पक्की करत. असले सर्व्हर खरं तर वेगळ्या, बंद खोलीत ठेवायचे. पण ती खोली सरांनी शिवणक्लासला भाड्याने दिली आणि सर्व्हरचा हा रॅक आणून उभा केला माणसांच्या मधोमध, स्वतःच्या प्लायवूडच्या केबिनला टेकवून. काम चढलं की यंत्रं तापत, आणि तापली की त्यांचे वीतभर पंखे असे किंचाळत, जणू स्वयंपाकघरात कुणी मिक्सर चालू ठेवून गावाला निघून गेलंय! कंपनीची माणसं फोनवर विचारत, "विमानतळावर बसून काम करता का हो?" गेल्या आठवड्यात मात्र त्यांनी थट्टा केली नाही. आमचं माणूस समक्ष येतंय, एवढंच म्हणाले.

सगळ्यांनी त्याचा एकच अर्थ लावला. हा आवाज आता आपल्या मुळावर येणार.

सजीवनने काय करायचं बाकी ठेवलं होतं? धूळ फुंकून काढली. गरम हवा उलटी फिरू नये म्हणून रॅकचे रिकामे कप्पे पत्र्याने बंद केले. एसीचं तोंड रॅककडे वळवलं, तर माणसं घामाने निथळायला लागली. मग संगणकावरून हुकूम सोडून पंख्यांचा वेगच उतरवला. तर दोन यंत्रं तापून बंद पडली आणि माकडाच्या लग्नाचा अख्खा प्रसंग पुन्हा करावा लागला. त्या दिवशी सरांनी त्याला जे ऐकवलं, ते पंख्यांच्या आवाजातही सगळ्यांना नीट ऐकू गेलं.

त्याच्या शेजारी लिसी चेची बसायची. वयाने सगळ्यांत मोठी, म्हणून ऑफिसभर सगळ्यांचीच चेची, थोरली बहीण. नवरा दुबईहून हात हलवत परत आलेला, मुलगी नर्सिंगला. घर चेचीच्या पगारावर.

"मेल्या, डोक्याचा भुगा झाला माझ्या," ती म्हणायची. "गप्प कर रे तुझ्या या कजाग बायकांना. नाहीतर मी पाणी ओतते त्यांच्यावर!"

"ओता चेची. माझीही सुटका होईल."

हसत दोघंही. पण हसू ओठांपुरतंच.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीआधी बंगळूरहून कंपनीची मॅडम आली. इकडेतिकडे न बघता सरांबरोबर केबिनमध्ये गेली. पंखे नुसते कोकलत होते. सर जाता जाता सजीवनकडे डोळे वटारून बघून गेले. तो धावत रॅकमागे शिरला आणि तळाच्या यंत्राखाली रबराची एक पट्टी सरकवली. आता हेच एक करायचं राहिलं होतं.

आणि आवाज उतरला. एक पंखा, मग दुसरा, मग सगळेच. शेजारच्या क्लासातली शिवणयंत्रं ऐकू येऊ लागली. बाहेर फणसावर कावळा ओरडला. कुणीतरी टाळ्या वाजवल्या.

"जिंकलास रे बाबा!" चेचीने त्याचा गालच ओढला. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "माझा विश्वासच नव्हता तुझ्यावर. लाज वाटते बघ आता!" तिने तिथूनच मुलीला फोन लावला. "अगं, ऐक. काही ऐकू येतंय? नाही ना? अगं वेडे, तेच तर ऐकवतेय! वाचली गं आईची नोकरी."

एवढ्याशा रबरी पट्टीने? सजीवनला स्वतःलाच खरं वाटेना. आपली करामत बघावी म्हणून तो रॅकजवळच्या पडद्यासमोर बसला. यंत्रांपुढे काही कामच नव्हतं. सकाळी रांगेत लागलेलं एकूण एक काम कंपनीने आत्ताच काढून घेतलं होतं. काम नाही म्हणून यंत्रं तापत नव्हती, आणि तापत नव्हती म्हणून पंखे गप्प होते. पट्टीचा काडीचा संबंध नव्हता.

प्लायवूडपलीकडून मॅडमचा आवाज आला, अगदी स्पष्ट. "आवाजाचं काय घेऊन बसलात सर? सगळं काम व्हिएतनामला द्यायचं, हे ओणमच्या आधीच ठरलंय. शुक्रवार तुमचा शेवटचा."

"माझ्या माणसांना काय सांगू मी?" वर्गीस सरांचा आवाज रडवेला झाला होता. हे सजीवनने कधी ऐकलं नव्हतं.

त्याने मागे बघितलं. बाकीचे खिडकीपाशी डबे सोडत होते. मधल्या वाटेने चेची येत होती, फोन पुढे धरून, लहान मुलीसारखी हरखून. "थांब हं, पटत नाही ना तुला? अगदी रॅकजवळ येते, त्या केबिनच्या भिंतीला लागून. मग ऐक!"

प्लायवूडपलीकडे मॅडमचं बोलणं चालूच होतं. सजीवनने पंख्यांना हुकूम सोडला. सगळे. पूर्ण वेगाने.

रॅक असा किंचाळला की चेचीच्या हातून फोन सुटता सुटता राहिला.

"अरे मेल्या, काय केलंस हे!" ती ओरडली. "एक काम धड जमत नाही का रे तुला?"

"नाही जमत, चेची!" सजीवन पंख्यांच्या वर आवाज चढवून ओरडला. "तुम्ही आधी जेवून घ्या!"