कळवायचा नियम नाही

कबड्डीच्या मैदानावर ऋतुजा कोसळली आणि जागीच गेली, त्याला महिनाही झाला नव्हता. तेवढ्यात जनुक संशोधन केंद्रातले डॉक्टर निरगुडकर तिच्या आईला, सुलभाला, भेटायला आले. गावातल्या प्रत्येकाच्या रक्ताचा थेंब केंद्रात होता. पुढे कोणाला काय होणार, ते तिथलं यंत्र वाचायचं.

"फार वाईट झालं," डॉक्टर म्हणाले. "यंत्राचा अंदाज मात्र खरा ठरला. धाकट्या मधुराचं रक्त पुन्हा मिळालं, तर अभ्यासाला मदत होईल."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?" सुलभाने विचारलं.

"आमचा अभ्यास मधुमेहाचा आहे. तिच्या हृदयाचा दोष त्यात ओघाने दिसला. असलं काही कळवायचा नियम नाही. माणसं उगाच घाबरतात."

"मग घाबरू द्यायचं होतं मला! पोरीला मैदानावर सोडली असती का मी? काही उपाय होता?"

"रोजची एक गोळी," ते पुटपुटले.

"आणि मधुराला? तिलाही हा दोष आहे?"

"ते सांगता येत नाही, ताई."

सुलभाने उठून दाराला आतून कडी घातली आणि ती दारातच बसली. "सांगितल्याशिवाय इथून हलायचं नाही."

शेवटी डॉक्टर म्हणाले, "तिलाही आहे. आजच गोळी सुरू करा."

सुलभाने कडी काढली. "आधी गोळी लिहून द्या. मग चला माझ्याबरोबर गावात, यंत्रानं काय वाचलं ते घरोघरी सांगायला. ज्याला ऐकायचं नसेल, तो दार लावून घेईल. पण ते त्यानं ठरवायचं. तुम्ही नाही."