समितीसाठी समुपदेशन

“डोळ्यांत जरा पाणी आलं तर बरंच, पण फार नको,” प्राचार्य दिशाला सांगत होते. “परीक्षेची भीती वाटते, एवढंच म्हणायचं. मॅडम धीर देतील. दोन मिनिटांत समिती पुढं जाईल.”

उषा मॅडम समोरच्या खुर्चीत बसल्या होत्या. कॉलेजात मानसशास्त्र शिकवणाऱ्या त्या एकट्याच. पोरींशी निवांत बोलायला एक खोली द्या, म्हणून दर वर्षी मागत होत्या आणि तोवर जिन्याखाली उभं राहून ऐकत होत्या. कालपर्यंत या खोलीत कबड्डीच्या मॅट रचलेल्या होत्या. आज मूल्यांकन समिती यायची, म्हणून दारावर ‘समुपदेशन कक्ष’ अशी पाटी लागली होती.

“आणि मॅडम, चेहरा जरा हसरा ठेवा.”

समिती आली. तिघं जण, खांद्यावर शाली, हातात नारळ. मागं फोटोवाला. सगळे दारातून आत सरकले.

“काय होतंय बाळ?” उषा मॅडमनी ठरल्याप्रमाणे विचारलं.

“परीक्षेची भीती वाटती,” दिशा म्हणाली. इथं थांबायचं ठरलं होतं. ती थांबली नाही. “आमच्या गावात, जांब्यात, आमच्या भाड्यानं दिलेल्या खोल्या हायेत. भाडं आणाया मलाच धाडत्यात. कडंच्या खोलीतला सुपरवायझर मी आत गेले की दार लावून घेतो. आबांना सांगितलं मी. तर म्हनले, भाडं येळेवर देतो त्यो, उगं कायबी बोलू नको.”

फोटोवाल्याचा फ्लॅश चमकला.

“अगदी नॅचरल!” समितीचे अध्यक्ष म्हणाले. “तयारी छान करून घेतलीय.”

“खेड्यातली आहे सर, पण लई धीट,” प्राचार्य खुशीत आले. “ऊठ बेटा, सरांबरोबर एक फोटो होऊन जाऊ दे.”

दिशा उठायला लागली. उषा मॅडमनी तिचं मनगट धरून तिला खाली बसवलं.

“ती येणार नाही. बोलतेय ती.”

“अहो, झालं की बोलून!”

“झालं?” उषा मॅडम उभ्या राहिल्या. त्यांचा आवाज चढलेला त्या इमारतीनं कधी ऐकला नव्हता. “काय झालं, सांगा बरं सर? काय ऐकलंत तुम्ही? बाहेर व्हा. सगळे बाहेर!”

एकाची शाल दाराच्या कडीत अडकली, ती मॅडमनी ओढून त्याच्या अंगावर फेकली. शेवटचा माणूस व्हरांड्यात ढकलला गेला आणि मॅडमनी दार लोटलं.

“मॅडम,” दिशा मागून म्हणाली, “दार नका ना लावू.”

कडीवरचा हात तिथंच राहिला. मॅडमनी दार पुन्हा सताड उघडलं, उंबऱ्यातच खुर्ची टाकली आणि बाहेरच्यांकडे पाठ करून बसल्या.

“समितीचं जेवण थांबलंय मॅडम,” प्राचार्य दातओठ खात पुटपुटले. “हे तुम्हाला महागात पडेल.”

“तिचा आवाज येणार नाही इतक्या लांब जा,” मॅडम मान न वळवता म्हणाल्या.

 मग बूट वाजले, जिना उतरत गेले.

“हं, बोल,” मॅडम म्हणाल्या.

 दिशा त्यांच्या खांद्यावरून पलीकडं बघत होती.

“प्राचार्य सर,” उषा मॅडम म्हणाल्या, “तुम्ही अजून गेला नाहीत.”