स्कोगेन गावाचं आजारपण

"मंगळवारची चक्कर कोण घेतंय?" वर्ना टोलेफसनने विचारलं. चर्चच्या तळघरात निम्मं गाव कॉफी पीत बसलं होतं. तिच्या हातातला तक्ता तोच, ज्यावर एरवी जेवणाला कोण काय आणणार ते लिहीत.

"चक्कर मला दे," ऑर्विल म्हणाला. "पण गुडघा दुसऱ्या कुणाला. गेल्या आठवड्यात गुडघा माझ्याकडेच होता."

झालं होतं असं. डॉक्टर ब्रेक्के यांचा दवाखाना शहरातल्या कंपनीने विकत घेतला आणि त्यांचा पगार गुणांवर बांधला. रोगी तपासला की गुण. चामखीळ जाळली की जास्त गुण. नवरा गेलेल्या बाईशेजारी तासभर बसून तिला झोप का लागत नाही ते ऐकून घेतलं, तर गुण नसल्यातच जमा. ती बाई वर्ना होती. डॉक्टर तीस वर्षं असंच बसत आले होते. तीन महिन्यांत गुण वाढले नाहीत तर त्यांची नोकरी जाणार होती, आणि त्यांच्याखेरीज सगळ्यात जवळचा डॉक्टर नव्वद मैलांवर.

तेव्हा गावाने आजारी पडायचं ठरवलं.

तीनशे बारा माणसं, पण कामाला वाघ. बैल उचलतील असले शेतकरी कण्हत रांगेत उभे राहिले. चामखिळी असणाऱ्यांना वर्नाने बजावलं, सगळ्या एकदम काढायच्या नाहीत, आठवड्याला एकच. पाद्रीबाबांनी पायाचा एकच अंगठा पाच वेळा मुरगळला. डॉक्टरांना सगळं कळत होतं, पण दाराबाहेर चौदा जण खोकत असताना बोलायला सवड कुणाला? पूर्वी स्टूल ओढून बसणारा माणूस आता दाराच्या मुठीवर हात ठेवून बोलू लागला. वर्नालाही त्यांनी चार मिनिटांत उरकलं. तिने ते पोटात घातलं.

तीन महिने भरले आणि कंपनीचा साहेब त्याच तळघरात मानपत्र घेऊन हजर झाला.

"पाच राज्यांत पहिला नंबर," तो म्हणाला. "असा हिरा इथे धूळ खात ठेवायचा? सोमवारपासून डॉक्टर आमच्या शहरातल्या इस्पितळात."

डॉक्टरांनी तोंड उघडलं. साहेबाने त्यांचा हात धरून फोटो काढून घेतला आणि करारातलं बदलीचं कलम हसत हसत वाचून दाखवलं.

वर्ना उठली. तिचे पाय लटपटत होते, आणि या खेपेला तक्त्यावर तसं लिहिलेलं नव्हतं.

"साहेब, खरं सांगते. आम्ही खोटं बोललो. चक्कर, गुडघे, खोकला, सगळं आपसांत वाटून घेतलेलं. त्यांचे गुण खोटे आहेत. त्यांना नेऊ नका."

"गुण खोटे कसे असतील, मॅडम? ते आमच्या कॉम्प्युटरात आहेत."

"अहो, पण गावात कुणी आजारीच नाही."

"कुणीच नाही?"

"एकही नाही," ऑर्विल म्हणाला, आणि पुरावा म्हणून त्याने छातीवर दोन गुद्दे मारून घेतले. पाद्रीबाबा त्याच अंगठ्यावर उभे राहिले. मागे पन्नास माणसं ताठ झाली.

साहेबाने सगळ्यांवरून नजर फिरवली. त्याचा चेहरा उजळला.

"फार बरं झालं सांगितलंत," तो म्हणाला. "म्हणजे त्यांच्या जागी दुसरा डॉक्टर पाठवायला नको."